लपलेलं पाणी

ऑक्टोबर उजाडून रात्रीचा पारा शून्याखाली जायला लागला, की आमच्या गल्लीतले लोक मला वाटेत गाठून विचारतात, "या शनिवारी वेळ आहे का तुला?" कशासाठी, हे सांगायची गरज नसते. आम्ही राहतो मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, मिनेटोंका तळ्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर. दहा एकरांहून मोठी तळीच या राज्यात ११,८४२ आहेत, त्यामुळे गल्लीत बऱ्याच घरांकडे होडी आहे. चौदा नाहीतर सोळा फूट लांब, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, आणि मागच्या फळीला अडकवलेली वीस-पंचवीस अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर. मेपासून सप्टेंबरपर्यंत ती पाण्यात. मग ट्रेलरवर चढून गॅरेजमध्ये, आणि एप्रिल सरेपर्यंत तिथून हलायचं नाही. मधल्या महिन्यांत बाहेरचा पारा उणे वीसपर्यंत सहज उतरतो, एखाद्या रात्री उणे तीसही होतो. गॅरेज घराला चिकटून असलं तरी गरम केलेलं नसतं. वारा आणि बर्फ तेवढे बाहेर राहतात, थंडी आत येतेच.

त्या थंडीसाठी मोटर आणि होडी तयार करायची, हे माझं दर वर्षीचं काम. मी मूळची पंपांच्या कारखान्यातली. पुण्याजवळ गुणवत्ता तपासणीत होते. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नव्हती, आणि मोकळे हात मला सोसत नाहीत. शेजारच्या घरात एक आजोबा राहायचे. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त केलेली, निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये गल्लीतल्या मोटरी बघायचे. मी कुंपणापाशी उभी राहून बघायला लागले. मग शेडच्या दारात, मग आत. आधी पाने हातात देणं, मग दिवा धरणं, मग पाना स्वतः फिरवणं. त्यांनी कधी मला 'तुला जमेल का' असं विचारलं नाही. आता त्यांना थंडी झेपत नाही, ऑक्टोबर लागला की ते ॲरिझोनाला निघतात आणि शेडची किल्ली माझ्याकडे ठेवून जातात.

यंत्र चालून झिजतं हे कारखान्यात शिकले होते. उभं राहून ते त्याहून लवकर बिघडतं हे या शेडमध्ये शिकले. चालत्या मोटरीत तेल फिरत असतं, ओल उडून जाते, पेट्रोल रोजचं रोज नवं येतं. मोटर थांबली की प्रत्येक थेंब असेल तिथे बसतो. पाणी गोठतं, पेट्रोल चिकट होतं, तेलातली आम्लं धातूला खात राहतात. हे सगळं दार बंद असताना, कुणाच्या नजरेस न पडता. म्हणून शेवटच्या फेरीनंतर होडी घासूनपुसून वर अभ्रा घालणाऱ्या माणसाचं मला वाईट वाटतं. कष्ट खरे असतात, पण बाहेरच्या अंगावर खर्च होतात.

माझी सुरुवात मोटरीच्या सगळ्यात खालच्या भागापासून होते. पंख्याच्या पुढे, कायम पाण्याखाली राहणारा जो बंद गाळा असतो त्याला इथे सगळे लोअर युनिट म्हणतात. इंजिनाकडून उभा खाली येणारा दांडा इथे दंतचक्रांवरून आडवा वळतो आणि पंखा फिरवतो. दंतचक्रं तेलात बुडलेली असतात. तेल थोडंसंच, या आकाराच्या मोटरीत अर्ध्या लिटरच्याही आत. पंख्याचा दांडा जिथे बाहेर पडतो तिथे रबरी सील असतं. सीलच्या अलीकडे ते एवढंसं तेल आणि पलीकडे अख्खं तळं.

मासे धरणाऱ्यांच्या या राज्यात त्या सीलला धोका असतो तो तंगुसाचा. कुणाच्या तरी गळाचा तुटलेला तंगूस पाण्यात तरंगत असतो, पंख्यात अडकतो, गरगर गुंडाळत वॉशरच्या मागे जातो आणि सील कापायला लागतो. वरून काही कळत नाही. मोटर चालते, होडी पळते, आवाजही तोच. आत मात्र चमचा चमचा पाणी शिरत असतं आणि तेलात घुसळलं जात असतं. होडी गॅरेजमध्ये उभी राहिली की पाणी जड म्हणून हळूहळू तळाशी उतरतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. बंद गाळ्यात फुगायला जागा नसते, म्हणून ते जागा करून घेतं, आणि ओतीव ॲल्युमिनियम तिथे टिकत नाही.

म्हणून पंखा काढल्याशिवाय मी कुठलीच मोटर झाली असं म्हणत नाही. कॉटर पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा, पंखा, मग त्यामागचा वॉशर. वॉशर कुठल्या तोंडाने बसला होता ते बघून ठेवायचं. तंगूस निघाला तर चिमट्याने शेवटचा धागा येईपर्यंत काढायचा. दांड्याच्या खाचांवर पाण्यात न विरघळणारं ग्रीस लावायचं, नाहीतर दोन-तीन हिवाळ्यांत पंखा दांड्यावर असा गच्च बसतो की ओढयंत्र लावूनही निघत नाही. पिन परत तीच वापरायची नाही, नवी घालायची.

तेल कधी काढावं यावर शेडमध्ये आमचं एकमत आहे, बाहेर नाही. बरेच लोक इंजिनाचं आणि लोअर युनिटचं तेल एकाच वेळी, मोटर गरम असताना काढतात. इंजिनाचं तेल गरमच काढावं, पातळ असतं, मळ घेऊन वाहतं. पण लोअर युनिटचं मी रात्रभर उभं ठेवून सकाळी काढते. पाणी असेल तर तोवर खाली बसलेलं असतं. खालचा स्क्रू सैल केला की तेलाच्या आधी तेच बाहेर येतं, आणि पहिल्या काही थेंबांतच समजतं काय भानगड आहे. नुसतं तेल आलं तर त्याचा रंग बघायचा. स्वच्छ पण काळपट असेल तर चिंता नाही. दूध जास्त पडलेल्या चहासारखं दिसलं, की पाणी शिरलंय आणि घुसळलंही गेलंय. स्क्रूच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमतो. दंतचक्रं एकमेकांवर घासत असल्याने तेवढा जमायचाच. बोटाला टोचेल असा कण मिळाला तर मात्र पुढचं काम थांबवून गाळा उघडावा लागतो.

माझी मुलगी लहान होती तेव्हापासून दिवा धरायला येते. एकदा मधाच्या रंगाचं, स्वच्छ तेल पातेल्यात पडताना बघून तिने विचारलं, "आई, हे तर चांगलंच आहे. मग काढतेस कशाला?"

"चांगलं आहे हे काढल्याशिवाय कसं कळलं असतं?" मी म्हटलं. तिला ते पटलं असावं, कारण त्यानंतर पातेलं तीच धरते.

नवं तेल खालच्या भोकातून वर भरायचं. हे नव्या माणसाला उलटं वाटतं. वरून ओतलं तर तेलाखाली हवा कोंडते, गाळा भरला असं वाटतं आणि चार फेऱ्यांनंतर तेल कमी निघतं. खालून हातपंपाने भरत गेलं की तेल हवेला वर ढकलत येतं. वरच्या भोकातून बुडबुडे न येता सलग धार आली, की आधी वरचा स्क्रू बसवायचा. त्याने वरची हवा बंद होते, म्हणून पंप काढून खालचा स्क्रू बसवेपर्यंत फार तेल सांडत नाही. दोन्ही स्क्रूंच्या चकत्या नव्या. चकत्या हातात घेतल्या तर जाणवतही नाहीत इतक्या हलक्या, पण त्यांच्यावर कंजुषी केलेल्या मोटरी मी वसंतात उघडल्या आहेत.

एका ओळखीच्या तरुणाने अशीच एक जुनी होडी एप्रिलमध्ये विकत घेतली. रंग चकचकीत, गाद्या नव्या, ट्रेलरचे टायरसुद्धा नवे. मोटर शेडमध्ये आणली तेव्हा लोअर युनिटच्या खालच्या अंगाला केसाएवढी एक रेघ दिसली. नख फिरवलं तर नख अडकलं. आधीच्या मालकाने होडी फार प्रेमाने वापरली असणार, हे इतर प्रत्येक गोष्टीवरून दिसत होतं. फक्त एक बाटली तेल आणि दोन चकत्या राहिल्या होत्या. नव्या लोअर युनिटला त्या मुलाला होडीच्या निम्म्याहून जास्त पैसे पडले. ज्या गोष्टी डोळ्यांना सुखावतात त्यांच्यावर माणसाचा हात आपोआप जातो. बाकीच्यांकडे तो मुद्दाम न्यावा लागतो.

वरच्या भागातल्या पाण्याची सोय सोपी आहे, आणि त्याचं श्रेय आउटबोर्डच्या मूळ कल्पनेला आहे. इथून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात, नॉर्वेहून लहानपणी आलेल्या ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने १९०९ साली अशा मोटरी बनवून विकायला सुरुवात केली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. उचलून आणायची, होडीच्या मागच्या फळीला आवळायची, काम झालं की काढून घरी न्यायची. सांगतात की उन्हात तळ्यापलीकडून बेससाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळलं, तेव्हा त्याला हे सुचलं. पुढे बेस त्याची बायको झाली आणि धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती तिने सांभाळल्या. आइस्क्रीमची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला त्या मोटरीचं उभं असणं जास्त मोलाचं वाटतं. होडीच्या पोटात बसवलेल्या इंजिनात पाणी कानाकोपऱ्यांत अडकून राहतं, ते भोकं उघडून काढावं लागतं, वर गोठणरोधक द्रव फिरवावा लागतो. आउटबोर्ड सरळ उभी ठेवली की थंड करणारं पाणी स्वतःच्या वजनाने खाली निथळून जातं. मोटर उभी ठेवायची, सुरू करायची दोरी एक-दोनदा हलकेच ओढून पंपातलं उरलेलं पाणी सोडायचं, एवढंच. पण ट्रेलर ढकलताना मोटरीचं टोक जमिनीला घासू नये म्हणून लोक ती तिरकी वर उचलतात आणि गॅरेजमध्ये तशीच विसरतात. तिरक्या मोटरीत पंख्याच्या पोकळीत पाणी साचतं. दर वर्षी मी दोन-तीन गॅरेजमध्ये फक्त मोटर खाली करायला जाते.

मोटर अशी उभी करून ठेवण्याआधी तिला शेवटची एकदा चालवायची असते, आणि चालवायची म्हणजे पाणी देऊन. खालच्या जाळ्यांवर बागेच्या नळीला जोडलेले रबरी मफ बसवतात, पाणी सोडतात, मग मोटर सुरू. इथे माझा कारखाना माझ्या मदतीला येतो. आत पाणी खेचणारा इंपेलर रबराचा असतो आणि त्याला वंगण पाण्याचंच. कोरडा फिरला तर थोड्याच वेळात त्याची पाती करपतात. मोटरीच्या बाजूने जी बारीक धार बाहेर उडते तिच्यावर माझी नजर असते. धार जोरात आणि सलग हवी. तुटक आली तर इंपेलर थकलाय. दोन-तीन हंगामांनी तो बदलावाच, धार चांगली असली तरी. आणि हे सगळं गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या अंगणात. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही मोटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

याच वेळी पेट्रोलचा बंदोबस्त होतो. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये कायद्यानेच दहा टक्के इथेनॉल असतं. आता भारतातही २० टक्क्यांचं पेट्रोल सगळीकडे आलंय, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. टाकीत हवेतली ओल शिरत राहते आणि इथेनॉल ती धरून ठेवतं. थंडी वाढली की तेवढं पाणी त्याला धरवत नाही. मग पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात, नेमकं जिथून मोटरीची नळी पेट्रोल ओढते तिथे. शिवाय पेट्रोल स्वतःही म्हातारं होतं. त्यातले हलके अंश उडून जातात, उरलेल्याचा चिकट थर बसतो, आणि कार्ब्युरेटरच्या जेटमधलं भोक केसाइतकं बारीक असतं. मिनेसोटात होड्या, जुन्या संग्राह्य गाड्या, स्नोमोबाइल आणि लहान इंजिनांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल विकायची कायद्यात सूट आहे. गॅलनमागे महाग पडतं. ऑगस्ट संपला की मी तेच भरते, कारण शेवटची टाकी हिवाळा काढणार असते.

टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून मोटर दहा मिनिटं चालवायची, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून काम भागत नाही. आजोबांच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरीत मी आणखी एक करते. पेट्रोलची नळी काढते आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू देते. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून तळाचे उरलेले थेंबही काढून टाकते. इंजेक्शनच्या नव्या मोटरीत हा कोरडेपणा चालत नाही, तिथे नळीत जपलेलं पेट्रोल राहिलेलं बरं. हलवता येणारी सहा गॅलनची टाकी मी गॅरेजमध्ये ठेवत नाही. आमच्याकडे पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजच्याच कोपऱ्यात आहे, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते. चार-स्ट्रोकच्या मोटरीचं पेट्रोल ताजं असेल तर गाडीच्या टाकीत ओतून संपवते. दोन-स्ट्रोकचं, तेल मिसळलेलं असलं, तर ते गाडीत नाही घालत.

मोटर थांबली की स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइलचा फवारा मारायचा, सुरक्षेची लाल दोरी काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सुरू करायची दोरी हळूच ओढून पिस्टन दोन-चारदा पुढेमागे करायचे. सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा पातळ पापुद्रा बसतो. सहा महिने नुसत्या राहिलेल्या लोखंडावर गंज चढायला पहिल्या ओलसर दिवसाचीच वाट असते. इंजिनाचं तेल आणि फिल्टरही आताच. तेल वसंतात बदलू म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जळलेल्या तेलात आम्लं आणि ओल असते, ती आत ठेवून हिवाळा कशाला काढायचा?

बॅटरीबद्दल मी जरा हट्टी आहे. पूर्ण भरलेल्या शिशाच्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासच्याही खाली गोठतं, आमच्या भागातला हिवाळा तिथवर जात नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत आम्ल इतकं पातळ झालेलं असतं की ते उणे सात-आठलाच गोठतं, आणि मग डबाच फुटतो. तेव्हा बॅटरी भरलेली असेल आणि तारा सुटलेल्या असतील, तर थंड गॅरेज तिला उलट मानवतं, कारण थंडीत ती स्वतःहून कमी उतरते. भीती बाळगायची ती उतरलेल्या बॅटरीची. घड्याळ, मासे दाखवणारं यंत्र, तळाचं पाणी उपसणारा पंप, यांतलं काहीतरी थेंबाथेंबाने वीज ओढत राहतं, म्हणून आधी ऋण तार सोडायची. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आजोबा मानतात. जुन्या काळी डबे लाकडाचे नाहीतर कडक रबराचे असत तेव्हा ते खरं होतं. आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना जमिनीचं काही होत नाही. त्यांच्या शेडमध्ये मी तरीही फळी घालते. त्यांनी स्वतः रंधा मारून केलेली आहे ती.

होडीच्या तळाचा ड्रेन प्लग मात्र या राज्यात आधीच काढलेला असतो. तळ्यावरून होडी रस्त्यावर आणायची तर प्लग काढून सगळं पाणी तिथेच सोडायचं, असा मिनेसोटाचा कायदा आहे. झेब्रा मसल नावाच्या नखाएवढ्या परक्या शिंपल्यांमुळे. १९८९ साली ते डलूथच्या बंदरात सापडले, २०१० मध्ये आमच्या मिनेटोंकात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पेलाभर पाण्यात बसून पुढच्या तळ्यात जातात. तपासनीस तळ्याच्या काठी उभे असतात, होडीत वाकून बघतात, आणि मला त्यांचं बघणं ओळखीचं वाटतं. तेही तेच शोधत असतात जे मी शोधते. गॅरेजमध्ये आल्यावर होडीचं नाक जरा उंच करायचं, म्हणजे राहिलेला ओघळ मागच्या भोकातून जाईल. मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या नळ्या आणि तिचा पंप लोक हमखास विसरतात. तिथे मी तोंडाने फुंकून बघते, आणि पाणी गुडगुडलं तर गुलाबी रंगाचा, विषारी नसलेला गोठणरोधक द्रव ओतते.

ट्रेलरच्या चाकांतही पाणी असतं, हे मला सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं. रस्त्यावरून आलेल्या चाकाची बेअरिंगं गरम असतात. होडी उतरवताना ती थंडगार तळ्यात बुडतात, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नवं ग्रीस भरून जुनं बाहेर ढकलायचं ते शरदातच, नाहीतर गोळ्यांवर हिवाळाभर गंज बसतो आणि मे महिन्यात हमरस्त्यावर चाक अडकतं. गाद्या आणि लाइफ जॅकेटं घरात, झाकणं उघडी, वर सुती अभ्रा. प्लास्टिकची ताडपत्री गॅरेजमध्ये नको, खाली बुरशी धरते. उंदरांसाठी मी जे जे करून पाहिलं त्यात गाद्या उचलून नेण्याइतकं उपयोगी काही नाही.

माझं आजोळ हर्णैचं. तिथे हे सगळं मे महिन्याच्या अखेरीला होतं, १ जूनला बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. होड्या वाळूवरून वर ओढून शाकारायच्या, पूर्वी माडाच्या झापांनी, आता निळ्या ताडपत्रीने. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं. मामांच्या लहान होडीचं आउटबोर्ड खांद्यावरून घरी यायचं, गोड्या पाण्याने धुतलं जायचं, मग तेलाच्या फडक्याने पुसून, गोणपाटात गुंडाळून पडवीत उभं राहायचं. उभंच. आडवं ठेवलेलं मामांना खपत नसे, आणि का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गॅरेज दाखवलं. त्यांनी आधी मोटर बघितली. "हां, उभी ठेवलीस." मग विचारलं, "काय गो, गोडं पाणी ना तुझ्या तळ्याचं? मग एवढं धुतेस काय? मीठ तर नाय."

"मीठ नाही मामा, पण पाणी राहिलं तर गोठतं. लोखंड फोडतं."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. समुद्राला आयुष्यभर तोंड दिलेल्या माणसाला पाणी फोडतं म्हणजे लाटेने. "किती राहिलं तर?" त्यांनी विचारलं.

मी चिमटीत दाखवलं तेवढं. त्यांनी मामीला हाक मारली आणि मला ते पुन्हा दाखवायला लावलं.

इथे बहुतेक वर्षी हे काम दसऱ्याच्या आसपास येतं. खंडेनवमीला मी शेडमधल्या पान्यांची, तेलाच्या हातपंपाची आणि त्या लाकडी फळीची पूजा करते. झेंडू कुंडीत असतो, कडक थंडी त्याच्याआधी पडली नाही तर. आजोबांना मी तिकडे फोटो पाठवते. ते दर वर्षी एकच विचारतात, टॉर्क पानाही ठेवला होता ना, म्हणून.

शेवटची गोष्ट ड्रेन प्लगची. तो काढलेला असतो आणि मेच्या मध्याला, मासेमारीचा हंगाम उघडतो त्या पहाटे, माणसं घाईत असतात. प्लग न लावता होडी पाण्यात सोडली तर ती धक्क्यापाशीच भरायला लागते. म्हणून प्लग मी खणात किंवा फडताळावर ठेवत नाही. मोटरीची लाल सुरक्षा दोरी असते, जिच्याशिवाय मोटर सुरू होत नाही, तिच्यातच तो ओवून गाठ मारते आणि दोरी मोटरीच्या दांड्याला बांधते. सोबत एक कार्ड, त्यावर तेल कुठलं घातलं, स्पार्क प्लग घट्ट केले की नुसते बोटाने बसवलेत, इंपेलर कुठल्या साली बदलला. वसंतात ज्याला मोटर सुरू करायची असेल त्याला आधी ती दोरी सोडवावी लागते, आणि प्लग हातात येतोच.